शिंप्याचा उजवा खांदा

कात्रीसरांना त्या प्रशिक्षणाला जायचंच नव्हतं. गेले ते नाइलाजाने. कॉलेजात एकात्मिक उपचारांचा विभाग उघडायचा ठरला होता, आणि डीननी सांगून टाकलं होतं की प्रत्येक विभागप्रमुखाने आधी स्वतः हा प्रगत वर्ग पुरा करायचा. मगच आपले रुग्ण तिकडे पाठवायचे.

"प्रगत म्हणे! सुया टोचायच्या आणि लांब श्वास घ्यायचे," सर घरी करवादले.

"जा हो," बायको म्हणाली. "तेवढे दिवस तरी दुसऱ्याचं ऐकून घ्याल." ती शाळेत गणित शिकवायची आणि तिचं उत्तर सहसा चुकत नसे.

सर पोटाचे नावाजलेले सर्जन, पण कात्री हे नाव त्यावरून पडलेलं नव्हतं. विद्यार्थी रुग्णाची हकिगत सांगू लागला की सर त्याचं वाक्य अर्ध्यावर कापत. "मुद्द्यावर या." रुग्णांनाही तोच न्याय. पोट दाखवा, बाकीचं पुराण नको.

वर्गात सगळे याच जातीचे. कुणी हृदयाचे प्राध्यापक, कुणी हाडांचे, कुणी मेंदूचे. आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवून आता विद्यार्थी झालेले. सकाळी मोजे काढून चटईवर बसायचं आणि श्वास मोजायचे. बऱ्याच जणांची पोटं मध्ये येत. नंतर व्याख्यानं. कोणत्या वेदनेत सुयांचा उपयोग दिसतो, कोणत्यात दिसत नाही. कोणता काढा रक्त पातळ करणाऱ्या गोळीशी भांडतो. हे शेवटचं मात्र कामाचं होतं, हे सरांनी मनातल्या मनात कबूल केलं. उघड कबूल करण्याइतके ते अजून प्रगत झाले नव्हते.

त्यांच्याच कॉलेजातल्या भूलतज्ज्ञ मॅडमही वर्गाला होत्या. दोघांनी वर्षानुवर्षं एकाच टेबलावर काम केलेलं. मध्ये हिरवा पडदा. पलीकडे पोटाशी सर, अलीकडे डोक्याशी मॅडम. सर खाकरले की गाडी कुठे अडली ते त्यांना कळे. येत्या सोमवारी मॅडमच्या यजमानांचंच ऑपरेशन होतं. आतड्यात गाठ होती. घरचं माणूस म्हणून भूल दुसरं कुणी देणार होतं, पण गाठ काढणार होते सर. "मी दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही," मॅडमनी डीनना बजावलं होतं. सरांना ते फार आवडलं होतं.

त्या दिवशी दुपारी ऐकण्याचा सराव होता. एकाने रुग्ण व्हायचं, एकाने समोर बसून ऐकायचं, इतरांनी बघायचं. ऐकणाऱ्याने मध्ये तोंड उघडायचं नाही. "आजार मनाने रचा," प्रशिक्षक म्हणाले. ते पूर्वी हृदयरोगाचे प्राध्यापक होते. आता हळू बोलायला शिकले होते. "पण माणूस खरा वाटू दे."

सरांची पाळी आली, तशी त्यांच्या अंगात जुना परीक्षक संचारला. मुलांना तोंडी परीक्षेत चकवायचं कसं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? ते शिंपी झाले. मुख्य तक्रार साधीच ठेवायची, आखडलेल्या खांद्याची, आणि भोवती असंबद्ध गोष्टींचे चकवे पेरायचे. बघू या, ही सुयावाली मंडळी कुठल्या खड्ड्यात पडतात.

समोर ऐकायला लहान मुलांची डॉक्टर होती.

"उजवा खांदा आखडतो बघा," सर म्हणाले. "हात पहिल्यासारखा वळत नाही."

ती गप्प. नियमच होता. पण समोरचं माणूस गप्प बसलं की आपल्यालाच बोलावं लागतं, याची सरांना सवय नव्हती. त्यांनी पहिला चकवा टाकला. "बायको म्हणते, झोपेत लाथा मारता. परवा तर तिला पलंगावरून खाली लोटलं."

खोली हसली. सगळ्यात मोठ्याने मेंदूचे डॉक्टर हसले.

"वासही येत नाही हल्ली. दूध करपून घरभर धूर झाला, आणि मी शेजारच्या खोलीत आरामात पेपर वाचतोय."

या वेळी मेंदूचे डॉक्टर हसले नाहीत.

"गिऱ्हाइकाची मापं लिहायला घेतली की अक्षर बारीक होत जातं. ओळ संपेपर्यंत मुंग्या. दुकानातली पोरं म्हणतात, मालक, शाई वाचवता का?"

आपल्या कल्पनाशक्तीवर सर खूश होते. पण आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? ज्या माणसाने कधी शिंप्याच्या दुकानात घटकाभर बसून पाहिलं नाही, तो शिंप्याचं दुखणं आणणार कुठून? हाताशी होतं तेच त्यांनी उचललं होतं आणि ते आपण रचतोय अशा समजुतीत वाढून ठेवलं होतं. समोर बसलेल्या डझनभर तज्ज्ञांना कळत होतं. कळत नव्हतं ते एकट्या सरांना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मग बघणाऱ्यांना प्रश्न विचारायची मुभा मिळाली. कुणी विचारेना. शेवटी भूलतज्ज्ञ मॅडम पुढे सरकून बसल्या.

"दादा, शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो का हल्ली?"

"लागतो. बायको लावून देते." सर थांबले. "म्हणजे, सकाळी घाई असते म्हणून."

"आणि सुई?"

"सुई धरता येते मला."

"धरता येते, की चालवता येते?"

सरांना संताप आला. त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम मात्र त्यांच्या मांडीकडे बघत होत्या. तिथे सरांचा उजवा हात पडला होता, आणि अंगठा तर्जनीवर हळूहळू घासत होता, गोळी वळावी तसा. सरांनी त्यावर डावा हात ठेवला. ते सगळ्यांनी पाहिलं.

प्रशिक्षकांनी ठरलेला शेवटचा प्रश्न विचारला. "तुम्हाला भीती कशाची वाटते?"

"कापताना हात चुकेल, याची," सर म्हणाले. "कापड काय, बदलून देता येतं. पण..." पुढचं वाक्य त्यांचं त्यांनाच पुरं करता आलं नाही.

सराव संपला की भूमिकेतून बाहेर यायचं, असा तिथला दंडक होता. उठून म्हणायचं, मी हा नाही, मी अमुक. इतरांनी ते हसतखेळत उरकलं होतं. सर उठले.

"मी शिंपी नाही," ते म्हणाले. "बाकी सगळं माझं आहे."

मेंदूच्या डॉक्टरांनी त्यांना शेजारच्या खोलीत नेलं. बोटं आपटायला लावली, मनगट वळवून पाहिलं, कॉरिडॉरमध्ये चालवलं. डावा हात झुलत होता, उजवा अंगाशी चिकटून होता. एरवी तोंडाचा पट्टा चालू असणारे मेंदूचे डॉक्टर आता शब्द शोधत होते. "सर, अजून काही तपासण्या करू, लगेच निष्कर्षाला नको..."

"मुद्द्यावर या."

"कंपवाताची सुरुवात वाटते. पार्किन्सन. खांदा, झोप, वास, अक्षर, सगळी त्याचीच लक्षणं."

सर घाबरले. आजाराला घाबरलेच, पण त्याहून जास्त घाबरले ते गेल्या महिन्याभरात टेबलावर आडवं केलेल्या प्रत्येक माणसाच्या आठवणीने. सगळी सुखरूप घरी गेली होती. ते आपल्या कसबामुळे की त्यांच्या नशिबाने, हे मात्र आता सांगता येत नव्हतं, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

बाहेर पाण्याच्या यंत्रापाशी मॅडम रिकामा पेला धरून उभ्या होत्या.

"सोमवारी मी तुमच्या यजमानांना हात लावणार नाही," सर म्हणाले.

मॅडमचे डोळे भरून आले. "बटणाचं विचारायची वेळ माझ्यावर यायला नको होती, सर. एवढी वर्षं समोर उभी आहे, पण पडद्यावरून मला तुमचा चेहराच दिसतो, हात दिसत नाहीत. रागावलात?"

"रागावलोय. तुमच्यावर नाही." ते म्हणाले. "धाकट्याला देऊ. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे."

धाकटा म्हणजे त्यांचाच विद्यार्थी, आता त्यांच्याच विभागात सर्जन.

"हे त्याला माहीत आहे?"

"कसं असणार? मी कधी सांगितलंय?"

त्यांनी तिथूनच फोन लावला. सगळं सांगितलं, काही न लपवता. पलीकडे धाकटा अडखळत, थांबत थांबत बोलू लागला, आणि सरांनी त्याचं वाक्य कापलं नाही.

"सर, पण तुम्ही शेजारी उभे राहाल ना?" शेवटी त्याने विचारलं.

"नाही. मी शेजारी असलो की तू माझ्याकडे बघशील. पोटाकडे बघ. मी बाहेर बसेन, मॅडमबरोबर."

"बरं, सर."

"आणि एक सांग. ऑपरेशन चालू असताना नातेवाईक बसतात कुठे?"

"बाहेरच, सर. दारासमोर बाकं आहेत," धाकटा म्हणाला. "तुम्ही रोज तिथूनच जाता."