मार्शल न झालेला माणूस

आमच्या लंडनजवळच्या हॅरोच्या घरात मोठी माणसं तीन. मी, माझे यजमान श्रीकांत आणि जनरल वांदाम. हा तिसरा दीडशे वर्षांपूर्वीच वारला होता, पण जेवताना सगळ्यात जास्त विषय त्याचाच.

नेपोलियनचा सेनापती. तेविसाव्या वर्षी जनरल, लढाईत वाघ, पण फाटक्या तोंडाचा. वरिष्ठांशी भांडणं, लुटीचे आरोप, मार्शल काही झाला नाही. कैद झाल्यावर रशियाच्या झारने त्याला लुटारू म्हटलं. झारवर स्वतःच्याच बापाच्या खुनाचा संशय होता, तर हा म्हणे उलट बोलला, "निदान मी बापाच्या खुनात तरी सामील नव्हतो." हे सांगताना श्रीकांत टेबलावर मूठ आपटायचे आणि वरण सांडायचं.

"अहो, पण लुटारू होताच ना तो?" मी फडकं घेऊन म्हणायचे.

श्रीकांत सर्जन, पण त्याच जातीचे. अवघड ऑपरेशन आलं की हॉस्पिटल त्यांना पुढे करायचं आणि कन्सल्टंटची, म्हणजे वरच्या सर्जनची, जागा निघाली की मागे. तीनदा असं झालं. अठ्ठ्याऐंशी साली चौथी जागा निघाली आणि त्याच आठवड्यात त्यांचे साहेब एका बाईंचं पोट शिवायला लागले, तेव्हा नर्सच्या मोजणीत रक्त टिपायचा एक स्वॅब कमी भरला. साहेब म्हणाले, मोजणी चुकली. श्रीकांतनी सगळ्यांदेखत त्यांचा हात धरला. स्वॅब यकृताखाली सापडला.

साहेबांचा निरोप आला. शुक्रवारच्या इंटरव्ह्यूआधी लेखी माफी हवी, आणि त्यात स्वॅब कमी नव्हताच असंही हवं.

मी हात धुऊन मागे लागले. "एक अपॉलॉजी साइन केलीत तर काय जातंय? आपल्या पोरीच्या, रश्मीच्या, ए-लेव्हलच्या परीक्षा आल्या, पुढे कॉलेजचा खर्च. आयुष्यभर साहेबाच्या हाताखाली रजिस्ट्रारच राहणार का?" पत्र मीच टाइप केलं.

बुधवारी त्यांनी मुकाट्याने सही केली. जेवताना वांदाम नाही, झार नाही. वरण वाटीत शांत. मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ज्या तोंडाला मी वीस वर्षं वैतागले, ते मीच बंद केलं होतं.

गुरुवारी सकाळी पोस्टाच्या पेटीशी गेले, तर पाकीट हातातून सुटेना. त्या बाई पोटात कापड घेऊन घरी गेल्या असत्या, आणि ते नव्हतंच असं मी टाइप केलं होतं! लाज वाटली मला. तिथेच पत्र फाडलं, घरी येऊन दुसरं टाइप केलं आणि संध्याकाळी श्रीकांतच्या पुढ्यात ठेवलं.

"स्वॅब कमी होता. तो मी काढला. शुक्रवारी दहा वाजता इंटरव्ह्यूला येतो."

"सुहास, ही जागा जाईल," ते म्हणाले.

"जाऊ दे. मार्शल केलं नाही म्हणून तुमचा तो वांदाम लढायचा थांबला का? करा साइन."

जागा गेलीच. शुक्रवारी दुपारीच कळलं. संध्याकाळी श्रीकांत जेवायला बसले, दोन घास खाल्ले आणि टेबलावर मूठ आपटली.

"मग तो झार म्हणाला..."

वरण सांडलं. मी फडकं घेतलं नाही. खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "हं, मग हा काय म्हणाला?"