पांढरी बट आणि समाधीतलं बाळ

केस कापायच्या दुकानात केस कापायला कुणीच आलं नव्हतं. खुर्च्यांवर माणसं, खुर्च्यांच्या हातांवर माणसं. मधल्या खुर्चीत, उशीवर, दुकानदाराची तान्ही लेक. कपाळावर पांढरीशुभ्र बट.

"जन्माआधीच सांगितलं होतं! पांढरी बट घेऊन येईल!" महाराज गरजले आणि बाळाच्या मागे पातेल्यावर डाव हाणला.

धाडकन!

दचकलेले: दुकानदाराची सासू, पोस्टमन, भिंतीवरचे आरसे, स्वतः महाराज.

न दचकलेलं: बाळ.

"बघा! अखंड समाधी!"

"समाधीत अंगठा चोखतात का हो?" कानाच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्यांना बाळाच्या आईनं बोलावलं होतं.

"अंगठ्यात ब्रह्मरस असतो, बाई."

"तिला ऐकू येत नाही, महाराज. आत्ता उपचार झाले तर बोलायला शिकेल. घरात आणखी कुणाला आहे अशी बट?"

बाळाचा बाप उठला, बेसिनपाशी गेला, नळाखाली डोकं धरलं.

काळं पाणी.

आणखी काळं पाणी.

पांढरी बट.

"अगं बाई! म्हणजे लग्नात तुम्ही, जावईबापू…"

"रंगवून उभा होतो, आई. रोजच रंगवतो. लोक हसतात." त्यानं महाराजांकडे बोट केलं. "यांनी पाहिली होती. दाढी पांढरी करून घ्यायला मागच्या दारानं येतात ना!"

सगळे दाढीकडे बघू लागले. पोस्टमननं प्रेमानं ओला टॉवेल पुढे केला. महाराजांना एकदम दुसऱ्या गावचं काम आठवलं.

"एक जनुक असतं, मुकादमासारखं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "स्वतः काही करत नाही, बाकीच्या जनुकांना कामाला लावतं. रंगाच्या पेशी घडवा, काही केसांकडे धाडा, काही कानात. हो, आतल्या कानालाही त्या लागतात! मुकादमच बिघडला की बट पांढरी, कधी कानही बंद. तुमचे कान वाचले, हिचे नाही. दर मुलात उतरायची शक्यता अर्धी. महाराजांचा जुगार लागला, एवढंच."

"म्हणजे माझ्यामुळेच?"

"जनुक काय तुम्ही दुकानातून निवडून आणलंत? चला, तपासणीला."

बाप तसाच ओल्या डोक्यानं, लेकीला छातीशी धरून निघाला. गल्लीतल्या लोकांनी दोन्ही बटा पाहिल्या. काही हसले. तो थांबला नाही.

तुमच्याही गल्लीत एखादं बाळ समाधीत गेलं, तर हात जोडण्याआधी मागून हाक मारून बघा. दचकलं नाही, वळलं नाही, तर डॉक्टर गाठा.