तांबड्या दिव्याचा राग

मित्रांनो, मी एक जुना तांबडा दिवा आहे. आधीच सांगून ठेवतो, माझा राग अजून गेलेला नाही. तेव्हा माझी गोष्ट थोडी तिखट लागली तर चालवून घ्या.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. एका नगरपालिकेच्या भांडारात, मोडक्या पंख्यांच्या आणि गंजलेल्या नळांच्या गर्दीत वायरमनदादांनी मला घडवले. लोखंडी वाटी एका जुन्या कंदिलाची, तांबडी काच गाडीच्या मागच्या दिव्याची, आणि होल्डर त्यांच्या स्वतःच्या घरातला. मला जोडताना ते गुणगुणत होते. मला वाटले, आपण फार मोठ्या कामासाठी जन्माला येतो आहोत. ते खरेच होते.

त्या नगरपालिकेत दुसऱ्या मजल्यावर जन्म-मृत्यू नोंदणीची खिडकी होती. तिथे एक ताई काम करीत. त्यांचे अक्षर छापल्यासारखे होते आणि चुका जवळजवळ नव्हत्याच. त्यांना ऐकू मात्र अजिबात येत नसे. समोरचा माणूस सावकाश बोलला तर ओठांवरून त्यांना कळे. पण त्या मान खाली घालून लिहीत असल्या की खिडकीत कोण आले हे त्यांना कसे समजणार? लोक काच ठोकत, ओरडत, मागे उभे असलेले हसत. एकदा एका माणसाने काचेवरून किल्ल्यांचा जुडगा आत भिरकावला. तो ताईंच्या कपाळाला लागला. तो माणूस म्हणाला, "मग काय करू? बहिरी बसवलीय खिडकीवर."

त्या कार्यालयात काही कर्मचाऱ्यांचा एक गट होता. त्याचे नाव 'सोबत'. साहेबलोक मात्र त्याला 'कटकट मंडळ' म्हणत. कारण हे लोक काही ना काही मागत राहायचे. कोणाला चाकाच्या खुर्चीसाठी उतार हवा होता, कोणाला तळमजल्यावर बायकांसाठी स्वच्छतागृह. जेवणाच्या सुट्टीत सगळे भांडारात जमत. सफाईच्या मावशी तिथेच ताईंकडून खुणांची भाषा शिकल्या. आधी डबा खाता खाता गंमत म्हणून, मग अगदी पोटतिडकीने. दोघी हातांनी गप्पा मारू लागल्या की बाकीच्यांना वाटायचे, आपल्याबद्दलच चालले आहे. बहुतेक वेळा ते खरेही असायचे.

ताईंचे कपाळ फुटले त्या दिवशी गट जमला आणि माझी कल्पना निघाली. खिडकीबाहेर एक बटण आणि ताईंच्या टेबलासमोर मी. बटण दाबले की मी लुकलुकायचे. वायरमनदादांनी मला आगीच्या घंटेशीही जोडले. म्हणजे घंटा वाजली की मीही पेटायचो.

मित्रांनो, ती वर्षे माझ्या सुखाची होती. मुले आईच्या कडेवरून वाकून माझे बटण दाबत. एक आजोबा बटण दाबायचे आणि लगेच हात जोडायचे, जणू त्यांनी कोणाला झोपेतून उठवले होते. मी लुकलुकलो की ताई मान वर करीत आणि हसत. त्यानंतर त्या खिडकीवर कोणी ओरडले नाही. एवढ्याशा दिव्याने माणसांचे आवाज खाली आणले, याचा मला अभिमान वाटे.

मग नवे साहेब आले. वाईट माणूस नव्हता तो, पण त्याला सगळे दिसायला छान हवे असे. एके दिवशी कळले की मोठे पाहुणे येणार आहेत. सर्वांना सामावून घेणारे कार्यालय म्हणून त्यांना आमची नगरपालिका दाखवायची होती. झाले, भिंतींना रंग लागला, लाकडी फळ्या बसल्या. साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवले.

"हे काय लटकतंय? दवाखाना वाटतो. काढा."

रंगाऱ्याने माझी वायर कापली आणि मला कपाटावर ठेवले. माझ्या जागी भिंतीवर ताईंचा भला मोठा हसरा फोटो लागला. खाली लिहिले होते, 'आमच्याकडे सर्वांना समान स्थान.'

मला उपटून माझ्याच जागी हे वाक्य! माझ्या अंगात वीज असती तर मी त्या क्षणी फुटलो असतो.

वायरमनदादा साहेबांकडे गेले. "साहेब, दिवा आगीच्या घंटेलाही जोडलाय. निदान तेवढा तरी परत जोडू द्या."

"पाहुणे जाऊ देत, मग बघू," साहेब म्हणाले. गटातले सगळे एकेक करून जाऊन आले. सगळ्यांना तेच उत्तर मिळाले.

आणि पाहुणे येण्याआधीच पहिल्या मजल्यावर, कागदपत्रांच्या खोलीत विजेच्या तारांनी पेट घेतला.

घंटा घणघणली. मी कपाटावरून ऐकत होतो. जिन्यावर पावले धडधडत खाली गेली. ताई दाराकडे पाठ करून कोणा बाळाचा दाखला लिहीत होत्या. मी समोर होतो, पण विझलेला आणि मुका. असे असहाय होणे मी माझ्या शत्रूलाही चिंतणार नाही.

धुराचा वास आला तेव्हा ताई उठल्या. दार उघडले तर बाहेर धुराचा काळोख. त्यांनी दार लावले, ओढणी पाण्यात भिजवून फटीत कोंबली आणि मागच्या भिंतीतल्या खिडकीशी गेल्या. खिडकी मागच्या अंगणात उघडत होती, तिथे चिटपाखरू नव्हते. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि मला उचलले. खिडकीबाहेरच्या लोखंडी पाइपावर त्या मला सगळ्या ताकदीने आपटू लागल्या. त्यांना स्वतःला तो आवाज ऐकू येत नव्हता. पण ऐकू येणारी माणसे आवाजालाच वळतात, हे त्यांना आयुष्यभराच्या अनुभवाने माहीत होते. माझी काच फुटली, वाटी चेपली. तरी मी म्हणत होतो, अजून जोरात, ताई.

पुढच्या अंगणात काय झाले ते मावशींनी नंतर सांगितले.

"ताई कुठेत?" मावशींनी विचारले.

"आल्या असतील. घंटा केवढ्यांदा वाजली," साहेब म्हणाले.

"साहेब, त्यांना घंटा ऐकू येत नाही."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात ठणठण आवाज आला आणि वायरमनदादा मागच्या अंगणाकडे धावले. बागेच्या लोकांची उंच शिडी लावली गेली. ताई खोकत, काजळीने माखून खाली उतरल्या. मी त्यांच्या मुठीत होतो, त्यांनी मला सोडलेच नव्हते.

तुम्हाला वाटेल, आता तरी साहेबांनी माफी मागितली असेल. नाही. ते म्हणाले, "घंटा नियमाप्रमाणे वाजली होती." आणि पाहुणे आले तेव्हा फुले द्यायला ताईंनाच पुढे केले.

ताई पुढे गेल्या. फुले त्यांनी बाजूला ठेवली आणि मला, चेपलेल्या दिव्याला, पाहुण्यांसमोर टेबलावर ठेवले. मग हातांनी बोलू लागल्या. मावशी शेजारी उभ्या राहून मोठ्याने सांगत होत्या. वायर कापल्यापासून साहेबांकडे केलेल्या विनंत्यांपर्यंत सगळे सांगून झाल्यावर शेवटी त्या म्हणाल्या,

"तुमच्या फोटोत मी आहे. तुमच्या घंटेत मी नव्हते."

साहेब घाईने पुढे आले.

"वायर कापण्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता," साहेब म्हणाले.

पाहुण्यांमधल्या वयस्क बाई चष्मा काढून म्हणाल्या, "पण जोडा म्हणून सांगितलं होतं ना यांनी? तेव्हा का नाही जोडली?"

साहेब बाजूला ठेवलेली फुले नीट करू लागले. महिनाभरात प्रत्येक खोलीत, स्वच्छतागृहांतसुद्धा, घंटेबरोबर पेटणारे दिवे लागले. ताईंनी आपला फोटो स्वतः खाली उतरवला.

आणि मी? मला पॉलिश करून दरवाज्याजवळच्या काचेच्या कपाटात ठेवले आहे. खाली पट्टी आहे, 'साहेबांच्या पुढाकाराची आठवण.' येणारेजाणारे कौतुकाने वाचतात. ताई रोज तिथून जाताना मावशींना काहीतरी खुणेने सांगतात आणि मावशींना हसू आवरत नाही. ती खूण मी इथे सांगणार नाही, तुम्ही अजून लहान आहात. 'सोबत' अजून भांडारात जमते. साहेबलोक अजून त्याला कटकट मंडळच म्हणतात.

मित्रांनो, मला काचेत जपू नका. मी फुटका आहे, माझी काळजी नको. घंटा वाजून सगळे बाहेर पडतील तेव्हा एकदा मागे वळून पाहा, आत कोण राहिले आहे. आणि त्या माणसाने हे आधीच सांगितले होते का, तेही मोठ्याने विचारा.