तळाशी पोचलेला पाव

मी गाळ. तळ्याच्या तळाशी असतो ना, तो. झालं, मुरडलंत नाक? मुरडा, खुशाल मुरडा. ज्याच्या उरावर अख्खं तळं बसलंय, त्याला तुमच्या नाकाचं काय ओझं वाटणार?

माझा जन्म कधी झाला ते मला सांगता यायचं नाही. एक पान पडलं, कुजलं. मग दुसरं पडलं. पावसाने काठाची माती ओढून आणली. एक बेडूक म्हातारा होऊन गेला, एका गोगलगायीचा शंख रिकामा झाला. हे सगळं सावकाश खाली येत गेलं आणि त्याचाच मी झालो. इतरांचं संपतं तिथे माझं सुरू होतं, एवढंच माझं घराणं.

पण मी नुसता लोळत पडलेला नसतो हं. माझ्या पोटात जिवाणू आहेत, मोजदादीच्या पलीकडचे. कुजलेलं पान ते खातात आणि त्याचा कस पाण्यात परत सोडतात. वर उन्हात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ असतं, ते त्या कसावर वाढतं. शेवाळावर पाणपिसवा जगतात, खसखशीच्या दाण्याएवढ्या, टुणटुण उड्या मारणाऱ्या. पाणपिसवा माशांच्या पोटात जातात, आणि एखादा मासा बगळ्याच्या. असा सगळ्यांचा संसार एकमेकांच्या जिवावर चाललेला असतो. कुणी कुणाचे आभार मानत नाही आणि कुणाचं त्यावाचून अडतही नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनाच लागते, ती म्हणजे प्राणवायू. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती तो पाण्यात सोडतात, थोडाफार वाऱ्याने मिसळतो. रात्री सोडणारं कुणीच नसतं आणि घेणारे सगळे. माझे जिवाणूही घेतात. त्यांना खायला जितकं जास्त, तितकी त्यांची पिलावळ जास्त आणि तितका प्राणवायूही जास्त लागणार. म्हणून पहाटे तळ्याचा श्वास सगळ्यात तोकडा असतो. एवढं ध्यानात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

माझ्या काठाला एक बेकरी आहे. पुढे दुकान, मध्ये भट्टी, मागच्या दारापासून चार ढांगांवर मी. बेकरीवाल्याच्या बायकोने कुणाच्या तरी आटत चाललेल्या हौदातले मासे बादलीत घालून आणले आणि इथे सोडले. बाई मोठी गमतीची होती. मागच्या पायरीवर बसून माशांना म्हणायची, "पोरांनो, आपापलं शोधा आणि खा. मला भट्टीचंच काम पुरतंय." आणि मासे आपापलं शोधून खायचे.

ती वारली. पाठोपाठ बेकरीवाल्याच्या छातीत दमा घर करून बसला. आयुष्यभर नाकात पीठ गेलेलं, दुसरं काय होणार? डॉक्टरांनी भट्टीपाशी फिरकायचं नाही म्हणून बजावलं. धंदा मुलाकडे आणि सुनेकडे गेला. म्हाताऱ्याच्या हातांना कामच उरलं नाही. मग तो शिळे पाव घेऊन पायरीवर येऊन बसायला लागला.

"खा रे पोरांनो! तिच्या माघारी तुमचे हाल नकोत व्हायला."

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ पाव. मासे खायचे, नाही असं नाही. पण त्यांच्या पोटाला काही मर्यादा आहे. उरलेला पाव फुगायचा, जड व्हायचा आणि गपचूप माझ्याकडे यायचा. माझ्याकडे आलेल्याला मी नाही म्हणत नाही. जिवाणूंची तर चंगळच झाली. पाण्यात इतका कस उतरला की शेवाळ माजलं आणि तळं हिरवंगार दिसायला लागलं. म्हातारा हरखून म्हणायचा, "बघा, तळ्याने कसं अंग धरलंय!"

मग आभाळ दाटून आलं. सलग काही दिवस ऊन नाही, वारा नाही, नुसता उकाडा. उन्हाविना शेवाळाला प्राणवायू करता येईना, उलट ते मरून माझ्याकडे येऊ लागलं. अशाच एका पहाटे सगळे मासे वर आले. पाण्याबाहेर तोंडं काढून उघडमीट, उघडमीट. म्हाताऱ्याने ते पाहिलं. त्याने हातातली टोपली तिथेच पालथी केली.

सून त्याला चहाला बोलवायला आली.

"अगं, बघ तरी! भुकेने कसे कासावीस झालेत. आतून आणखी एक टोपली आण बघू."

सून वाकून बघत राहिली. "बाबा, पण ते खाताहेत कुठे? तो बघा, त्याच्या तोंडासमोरून पाव गेला."

"रुसले असतील. काल कमी पडला होता."

"रुसायला काय ते तुमची नातवंडं आहेत? बाबा, त्यांना भूक नाही लागलेली, त्यांना दम लागलाय. माझ्या माहेरी काचेच्या पेटीत मासे होते. हवेचा पंप बंद पडला की ते असेच वर यायचे."

"काहीतरीच तुझं! पाण्यात राहणाऱ्याला कसला आलाय दम?"

"मागच्या हिवाळ्यात खिडकीत तुम्ही असंच तोंड उघडून बसला होतात. तेव्हा मी तुमच्या तोंडात पाव कोंबला असता तर?"

मग नवऱ्याला हाका मारत सून आत धावली. दोघांनी विहिरीच्या पंपाची लांब नळी आणली आणि तोंडाशी अंगठा दाबून तळ्यावर फवारा धरला. पाणी पाण्यावर आपटत राहिलं की त्यात हवा मिसळते. म्हातारा पिठाची जुनी चाळण घेऊन गुडघाभर पाण्यात उतरला आणि तरंगणारा पाव गोळा करायला लागला. त्याचे पाय माझ्यात रुतत होते. मुलगा ओरडत होता, "बाबा, बाहेर या, तुम्हाला झेपायचं नाही!" तो काही ऐकत नव्हता.

बरेच मासे वाचले, काही गेले. बायकोने आणलेल्यांपैकी जो सगळ्यात थोराड होता तो गेला. संध्याकाळी पायरीवर बसून म्हातारा सुनेला म्हणाला, "म्हणजे मीच मारला गं त्याला."

"तुम्ही मायेनेच घालत होतात, बाबा."

"त्याला काय उपयोग त्या मायेचा?"

खरं सांगू? ती माया मलाही कधी कळली नव्हती. माझ्यापर्यंत आला तो नुसता पाव.

आता पाव बंद आहे. मुलगा एकदा म्हणत होता की गाळ सगळा उपसून टाकू, म्हणजे तळं चकचकीत होईल. सुनेने त्याला गप्प बसवलं ते बरं केलं. मला मुळासकट खरवडलं तर वरच्यांच्या पानात वाढणार कोण? मला भरवू नका आणि हाकलूही नका, इतकंच माझं मागणं. पाणी निवळलंय. दुपारी ऊन थेट माझ्यापर्यंत पोचतं. पाणपिसवांची भरती आहे आणि मासे खालीच हिंडत असतात. पोट भरलेलं असतं, मग वर कशाला येतील?

पण म्हातारा रोज पहाटे येतो. मुलगा आणि सून त्या वेळी भट्टीशी गुंतलेले असतात. तो एकटाच पायरीवर बसतो. एकही मासा वर दिसत नाही, तेव्हा त्याचा जीव खालीवर व्हायला लागतो. वाकतो, पाण्याशी तोंड नेतो आणि हळूच विचारतो, "पोरांनो, उपाशी नाही ना रे?"

उत्तर मला ठाऊक आहे. पण गाळाचं बोलणं पाण्याबाहेर जात नाही. तुमच्यापैकी कुणी कधी त्या बाजूला गेलात, तर त्याच्या शेजारी घटकाभर बसा आणि त्याला सांगा, "नाहीत हो. पोटभर खाऊन आहेत."