चिन्नोर भाताचा वास

त्या उन्हाळ्यात रोशनीच्या नाकानं तिला अगदी वात आणला होता. फोडणीचा धूर नको, तळ्यातली ताजी मासोळी नको, नवऱ्याच्या अंगाचा साबणही नको. छाती दुखायची, दुपारी बसल्या जागी डोळा लागायचा. पाळी चुकली होती, तरी तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं होतं. मागच्या वर्षी दिवस गेल्याचं साऱ्या गावाला सांगून झालं, नवऱ्यानं, प्रफुलनं, ब्रह्मपुरीहून पेढे आणून वाटले, आणि एका सकाळी सगळे वास एकाएकी नाहीसे झाले. संध्याकाळी कपड्यावर रक्त. म्हणून या खेपेला प्रफुललाही सांगायचं नव्हतं. हे एवढंसं टिकू दे, बाकी काही नको.

सासूबरोबर मोहफुलं वेचायला जंगलात जाणं मात्र चुकेना. टोपलं अर्धं भरलं आणि रोशनी थबकली.

"आई, इथी कोण भात शिजवून राह्यलं? चिन्नोरचा वास हाय."

चिन्नोर म्हणजे सणासुदीचा सुवासिक तांदूळ. आसपास ना चूल, ना धूर, ना माणूस. पाखरंही गप्प होती.

सासूचा, मनकर्णाचा, हात फुलांवरच थांबला. "मले नाई येत वास," ती कुजबुजली. "मांगं फिर. पळू नको. टोपलं राहू दे."

एरवी अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं बोलणारी ही बाई शेताच्या बांधापर्यंत एक शब्द बोलली नाही. तिथे तिनं सुनेचं मनगट धरलं.

"दिवस गेले ना तुले?"

रोशनीला रडूच फुटलं. "तुमाले कोणं सांगतलं?"

"प्रफुल पोटात होता तवा मलेबी असाच वास आला. मी हसली, कोणाच्या घरी पाहुणे आले म्हटलं. माही जाऊ वेचत पुढं गेली. ते मंग आलीच नाई." मनकर्णानं मागे वळून जंगलाकडे पाहिलं. "त्यानं मुतून हद्द आखली का तिथी असा वास येते. पोटुशीलेच येते तो." वाघाचं नाव तिनं बांधावरही घेतलं नाही. जंगल दिसत असेपर्यंत तिकडे कोणी घेत नाही.

आठवड्यानं एका सकाळी रोशनी उठली आणि मळमळ नव्हती. सासू मासे तळत होती, वास नाही. तिनं वाळत घातलेल्या मोहफुलांत तोंड खुपसलं, साबण हुंगला. काहीच नाही. मळमळ कधी वाढते, कधी कमी होते, घाबरू नको, असं गावातली आरोग्यसेविका, आशाताई, मागच्या खेपेला म्हणाली होती. पण घाबरू नको म्हटल्यानं कुणाची भीती गेली आहे? दिवसभर ती घडोघडी कपडे तपासत राहिली.

दिवेलागणीला ती मागच्या दारी उभी राहिली. परसाच्या कुंपणापलीकडे धानाची रिकामी शेतं, मग झुडपं. जो वास पुन्हा येऊ नये म्हणून सासूनं देवाला नारळ बोलला होता, तोच ती आता मागत होती. "ये ना रे बापा," ती पुटपुटली. "एक डाव ये."

वारा फिरला. आधी पुसटसा, मग नाक भरून, गरम चिन्नोर भाताचा वास आला. घरात चूल पेटलेली नव्हती. वास कुंपणाजवळून येत होता.

रोशनी पोटावर हात ठेवून हसायला लागली. डोळ्यांना आनंदाची धार लागली. "आई, हाय वो! हाय!" ती ओरडली.

मनकर्णा धावत आली, दंडाला धरून तिला आत ओढलं आणि दाराला अडसर घातला. परसातली बकरी मघापासून ओरडत होती, ती एकदम गप्प झाली. रोशनी मात्र दाराच्या फटीला नाक लावून उभीच राहिली.