मरियमच्या पोराचा डावा हात

तुम्ही खोटं बोललात, दारोगासाहेब. भरल्या चित्रखान्यात, पाद्रीसमोर, माझ्याकडे बोट दाखवून खोटं बोललात.

फिरंग्यांच्या छापील चित्रातली मरियम आणि तिच्या कडेवरचं पोर, ईसा. नुसत्या काळ्या रेघा. बादशहांना ते चित्र रंगात हवं होतं. छाप तुम्ही पेटीत कुलपात ठेवलात, आम्हाला लांबून एकदाच दाखवलात. हरणाच्या पातळ कातड्यावर त्याच्या रेघा उतरवल्या तुम्ही, सुईनं भोकं पाडली तुम्ही, कातडं कागदावर अंथरून कोळशाची पूड थोपटली तीही तुम्हीच. आराखडा उस्तादाचा, म्हणजे तुमचा, रंग आमचे, ही इथली रीत. कागदावर उमटलेले ठिपके मी जोडले आणि लगेच तुमच्यापाशी आलो.

"साहेब, पोर डाव्या हातानं आशीर्वाद देतंय."

"मग?"

"डाव्या हातानं आपण काय काय करतो, ते..."

"फिरंगी आहेत ते, हिरामन. त्यांची रीत असेल. तू कधी जाऊन आलास त्यांच्या मुलखात? पालखी घेऊन?"

सगळे हसले. शेजारी बसणारे म्हातारे मीरकचाचाही हसले. मी कहाराचा, पालख्या उचलणाऱ्यांच्या घरातला. भिंतींवर कोळशानं रेघोट्या मारत शिकलो. मला कुणी उस्ताद नव्हता, म्हणून मी तुमचं ऐकलं.

दोन महिने मान वर केली नाही. ओढणीवर निळा रंग सात वेळा चढवला. छापातली मरियम थंड होती. माझी मरियम पोराला पाजून नुकतीच उठलीय.

काल पाद्री आला. बराच वेळ बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "हात चुकलाय. आमच्यातही उजवाच."

आणि तुम्ही काय म्हणालात? "चूक याची. या कहाराला डावं-उजवं फक्त खांद्याचं कळतं."

आणि वर हुकूमही सोडलात, हात खरवड, उजवा काढ, आणि उद्यापासून शिकाऊ पोरांसारखा कागद घोटायला बस.

खरवडू कसा? पोराचा उजवा हात आईच्या गळ्यात आहे. तो सोडवून वर केला तर पोर खाली पडेल. अख्खं चित्रच उलटं आहे, साहेब, कारण कातडं उलटं पडलं होतं.

तुम्ही गेल्यावर मीरकचाचा जवळ सरकले. "बेटा, खरवडून टाक. चित्रं काय, आणखी होतील."

"त्या दिवशी मी विचारलं, ते तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मग सांगा ना तसं."

"तीन पोरी लग्नाच्या आहेत माझ्या. तू सांग, तुझं अजून लग्नही झालेलं नाही."

त्यांच्यावर माझा राग नाही. कातडं उलटं पडलं याचाही नाही, चूक कुणाचीही होते. पण तुमची चूक मी वाहणार नाही. हातही खरवडणार नाही, कागदही घोटणार नाही.

उद्या पाद्री पुन्हा येतोय. चित्र आहे तसंच त्याच्यापुढे ठेवणार आहे. कातडं कुणी उलटं अंथरलं, हे त्याला तुम्ही सांगता, की मी सांगू? उत्तर द्या.