माठाशेजारची खुर्ची

मी माठ बोलतोय, वारज्यातल्या एका ऑफिसातला. माणसं ढ पोराला माझं नाव देतात, त्याचं मला काही नाही. मला खुपतं ते समोरचं कॉफी मशीन.

माझा जन्म कसब्यातला. ऑफिस नवं होतं तेव्हा अकाउंट्सच्या यज्ञेश्वर सरांनी मला मांडीवर घेऊन रिक्षातून आणलं. तेव्हापासून पाण्याच्या निमित्ताने सगळे माझ्यापाशी थांबायचे. रजा कोणाची नाकारली, साहेब कुणावर उखडले, सगळं आधी माझ्या कानावर यायचं. सरांच्या शेजारच्या टेबलावरची अपेक्षा नोकरी सोडणार, हेही तिने सरांना इथेच सांगितलं.

"सर, घरी अजून बोलले नाहीये. प्लीज, तुमच्यापाशीच ठेवा."

सरांनी नुसता तिचा ग्लास पुन्हा भरला.

मग ते चकचकीत मशीन आलं, आणि मागोमाग दीक्षा. मॅनेजमेंट कॉलेजची मुलगी. माणसं ऑफिसात कशी वागतात आणि तशी का वागतात, याचा म्हणे अभ्यास करायचा होता. तिने खुर्ची टाकली ती मशीनपाशी. लोक तिच्यासमोर कॉफी घेत "आमच्याकडे अगदी घरच्यासारखं वातावरण आहे" म्हणायचे आणि खरं बोलायला माझ्याकडे यायचे. तरी अभ्यासाचा मान मशीनला. दुसऱ्यांचं पाणी गार करणारा मी, पण माझ्याच अंगाची लाही लाही होत होती.

एकदा दीक्षा सरांना म्हणाली, "हा अभ्यास शंभर वर्षांपूर्वी कारखान्यांतून सुरू झाला, सर. कोणी बघतंय म्हटलं की माणसं वेगळी वागतात, हे तेव्हाच कळलं होतं."

"अस्सं. मग आपण इथे बसून काय बघताय?"

दुसऱ्या दिवशी तिने खुर्ची उचलली आणि माझ्या शेजारी आणून ठेवली. मी हरखून गेलो. मशीनकडे मुद्दाम तिरका बघत बसलो.

थोड्या वेळाने अपेक्षा आली. डोळे सुजलेले होते, सरही मागे होते. तिने दीक्षाला पाहिलं, "पाणी छान गार आहे" म्हणाली आणि निघून गेली. पुढच्या आठवड्यात एकेकाने घरून बाटल्या आणायला सुरुवात केली. माझं पाणी आता दिवसभर तसंच राहतं.

सगळे हल्ली जिन्यात उभे राहून बोलतात. दाराआडून हसणं ऐकू येतं, शब्द कळत नाहीत. अपेक्षाने घरी सांगितलं का, तिचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. त्या जिन्याला माहीत आहे. साधा सिमेंटचा जिना.

दीक्षा, बाळ, जोडायला मला हात नाहीत. पण एवढं ऐक, ही खुर्ची इथून हलव. हवं तर त्या जिन्यात नेऊन ठेव.